पूर्वेच्या बांधाची गाडीवाट

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवालाही नाही. देवाशी माझं बोलणं मुळातच कामापुरतं असतं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात त्यांना सांगून उपयोग नाही. ते विश्वास ठेवणार नाहीत. आणि ते विश्वास ठेवणार नाहीत, हाच तर यातला सगळ्यात घाण भाग आहे. तो पुढे येईल.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी शिवाजी पेठेत राहते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमच्या यांचं लहानसं मशीनशॉप आहे, त्याचं ऑफिस मी पाहते. मी याद्या करणारी बाई आहे. नात्यात लग्न ठरलं की मुलीच्या आईआधी मला फोन येतो. कुणाच्या बारशाला कुणी काय आहेर केला, मागच्या श्रावणात पूजेला किती नारळ लागले, पलीकडच्या आजींचं ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं झालं... सगळे मला विचारतात. "तिला विचारा, तिचं चुकायचं नाही." हे वाक्य मी माझ्या कानांनी इतक्या वेळा ऐकलंय की एव्हाना मला त्याची शिसारी यायला हवी होती. आली नाही. आवडायचं.

विषय जमिनीचा आहे. आपल्याकडे दुसरा कसला असणार? सातबाऱ्याचा उतारा देव्हाऱ्यात, देवीच्या फोटोमागे ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. सख्ख्या भावाच्या मयताला न जाता त्याच दिवशी त्याच्या बांधात नांगराची एक रेघ जास्त ओढणारी पाहिली आहेत. आयुष्यभर मी त्यांना हसले. अडाणी म्हटलं. आता सांगा, त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? त्यांना निदान नांगर धरावा लागला. मला तेवढेही कष्ट पडले नाहीत.

आणि तो शब्द — मालक! मालक म्हणजे नेमके कशाचे हो? जमिनीखाली काही मोलाचं निघालं तर ते सरकारचं. रस्त्याला हवी झाली तर सरकार घेणार. पाणी ओढ्याचं, ऊन कुणाचंच नाही. मग मालकाला उरतं काय? उरतं एवढंच — दुसऱ्याला "इथून जायचं नाही" असं म्हणायचं सुख. आणि तेही पुरतं उरत नाही. जमीन एकाची असते, आणि तिच्यावरून जायचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो. दोघांचं एकाच मातीत, एकाच वेळी. हे मला एका वकिलांनी नीट समजावून सांगितलं होतं. वेळेवर सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक होतं. पुढे जे झालं ते अजाणतेपणी झालं, असं कुणी माझ्यासाठी म्हणू नये.

माझं सासर मलकापूरच्या अलीकडे, रत्नागिरी रस्त्यापासून थोडं आत. सासऱ्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणत असू. त्यांचे दोन मुलगे. थोरले आमचे हे. धाकटे दीर शेती बघायचे. ते लवकर गेले. त्यांची बायको मालन, म्हणजे माझी धाकटी जाऊ. मला ती अक्का म्हणते. दीर गेल्यावर लहान मुलीला घेऊन ती तिथेच राहिली आणि सगळी शेती एकटीनं ओढली. आम्ही पेठेत बसून तिनं पाठवलेला तांदूळ आणि गूळ खाल्ला, आणि तांदळात खडे निघाले तर तेही फोन करून सांगितलं.

आप्पांनी हयातीतच वाटणी केली. रस्त्याकडचा तुकडा आमचा, त्याच्यामागचा, ओढ्याला लागलेला, मालनचा. सातबारे वेगळे व्हायचे होते, वाटणीपत्र तयार होत होतं, तेव्हाची गोष्ट. आप्पा आम्हा दोघी सुनांना घेऊन शेतावर गेले. हे कामावर होते. पूर्वेच्या बांधापाशी आप्पा थांबले आणि काठीनं दाखवत म्हणाले, "मालनची गाडीवाट ह्या बांधानं राहील. थोरल्या तुकड्यातनं. ट्रॅक्टर जाईल एवढी." मी लगेच म्हटलं, "आप्पा, मग वाटणीपत्रात घालूया की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटात थुंकले. "घरातल्या घरात वाट लिवायची व्हय? वाट लिवली म्हंजे घर मोडलं म्हणून सरकारला कळवल्यागत हाय. जीभ हाय न्हवं आपल्याला?" मालन मान डोलावत होती.

ही आमच्या लोकांची जुनी खोड. आहेरातला टॉवेल वहीत लिहून ठेवतील. वाटणीत पितळी हंडा कुणाकडे गेला ते लिहून ठेवतील. पण ज्या वाटेवर पुढच्या पिढीचं पोट जाणार, ती लिहायची म्हटलं की यांची इभ्रत जाते. मला तेव्हाही आप्पांची कीव आली. आणि खरं सांगायचं तर — कीव आली तेव्हाच डोक्यात मागे कुठेतरी एक गोष्ट जाऊन बसली. वाट लिहिलेली नाही. ठाऊक असणारे तिघंच. त्यातले एक म्हातारे.

आप्पा गेले. मालनचा ऊस दोन हंगाम त्या वाटेनं बाहेर पडला, कुणाला काही वाटलं नाही. मग आमच्या तुकड्याला ठिबक बसवायचं मी ठरवलं. दुकानदाराचा माणूस आराखडा घेऊन आला. सरळ रेघा, काटकोन. आणि पूर्वेला तो वाटेचा पट्टा, वाकडा, चाकोऱ्यांनी उखणलेला. माणूस सहज म्हणाला, "मॅडम, ही वाट नसती तर लाइनी एकसारख्या बसल्या असत्या."

बस्स. एवढंच.

तुम्हाला वाटलं असेल हाव असेल, जमिनीचा भाव असेल, पोराबाळांसाठी काही करायचं असेल. तसं असतं तर मला स्वतःबद्दल थोडा तरी आदर राहिला असता. हावऱ्या माणसाला निदान भूक असते. मला कसलीच भूक नव्हती. मला तो चौकोन पुरा हवा होता. कागदावर तो पट्टा डोळ्यांत खुपत होता, म्हणून मी एका विधवेची वाट मोडली. याहून हलकं कारण तुम्ही कधी ऐकलंय का?

त्या वर्षीची उसाची लागण मी थेट पूर्वेच्या बांधापर्यंत करवली. यांनी एकदा विचारलं, "मालनची गाडी कुठनं जायची?" मी म्हटलं, "ओढ्याकडनं वाट आहे की." यांनी पेपर उलटला. आमच्या घरातली सगळी मोठी पापं यांनी अशीच, पेपर उलटून, मंजूर केलेली आहेत.

ओढ्याकडनं वाट होती, खोटं नाही. पात्रातून चढून गायरानाकडे निघायची. त्या वाटेनं माणूस जातो. शेळी जाते. उसानं भरलेली ट्रॉली जात नाही.

मालनचा ऊस तोडीला आला. तोडणीची टोळी आली, ट्रॉलीला वाट नाही असं बघून दुसऱ्याच्या शेतावर निघून गेली. मग तिनं हातापाया पडून पुन्हा बोलावली, तर रिकामी ट्रॉलीच ओढ्यात रुतली. टोळीचा मुकादम म्हणाला, आधी वाट करा, मग आम्हाला बोलवा. ऊस उभा राहिला. तुरा आला, वजन घटायला लागलं. तिचं आणि पोरीचं वर्ष त्या उसावर होतं, दुसरं काही नव्हतं. तेव्हा मालन एसटीनं पेठेत आली. काकवीची बरणी घेऊन आली. माझ्याकडे स्वतःचीच वस्तू मागायला येताना ती मला द्यायला काहीतरी घेऊन आली होती.

"अक्का, पूर्वेच्या बांधाला तू ऊस लावलास. गड्याच्या ध्यानात आलं नसंल. आप्पांनी वाट ठेवलीया न्हवं तिथं?"

मी म्हटलं, "बघू गं. चहा घे आधी."

बघू! सुशिक्षित माणसाच्या तोंडातला सगळ्यात नीच शब्द. 'नाही' म्हणायची छाती नाही आणि 'हो' म्हणायची दानत नाही, अशांच्या सोयीसाठी केलेला. मी तो चांगला गोड करून, बशीत घालून दिला. ती चहा पिऊन परत गेली. मी काही बघितलं नाही.

मग गावानं तिला तहसीलदारांकडे अर्ज करायला लावला. गावाला तिचा पुळका होता असं समजू नका. गावाला जावाजावांचं भांडण हवं होतं. फुकटचं असतं, आणि रंगतं. साहेब जागेवर पाहणीला आले त्या दिवशी जत्रेसारखी माणसं जमली. जे माझ्या गाडीतून आले होते त्यांना तिथे कधीच वाट दिसली नव्हती. जे चालत आले होते त्यांच्यातल्या निम्म्यांना तोंडच नव्हतं. एकटा दगडूतात्या पुढे झाला.

"सायेब, वाट व्हती! म्या सोता गाडी हाकलीया हितनं!"

हा तात्या म्हणजे शेजाऱ्यांचे बांध कोरण्यात गावात पहिला. मी म्हटलं, "तात्या, आधी स्वतःचा बांध सरळ करा, मग दुसऱ्याच्या बांधावर बोला."

माणसं खो खो हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "वैनींनी तात्याची मोजणीच केली की!" तात्याचं तोंड उतरलं. त्या सगळ्या गर्दीत तो एकटा खरं बोलला होता, आणि मी त्याला एका वाक्यात लबाड ठरवून टाकलं. मला बरं वाटलं. लपवत नाही, फार बरं वाटलं.

साहेब तरुण होते, सरळ होते. ते म्हणाले, "हसू नका. ताई, मला एवढंच सांगा. वाटणीच्या वेळी इथून वाट द्यायचं ठरलं होतं का? सासऱ्यांनी तोंडी काही सांगितलं होतं?"

आता नीट ऐका. मला "आठवत नाही" असं म्हणता आलं असतं. सगळा जिल्हा हेच म्हणतो. कचेरीत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक लबाडाचं ते पांघरूण आहे. मी ते ओढलं असतं तर पट्टा तेवढा माझ्या ताब्यात राहिला असता आणि मालनचं मन तिच्या ताब्यात. पण "आठवत नाही" म्हणायचं? मी? ते शब्द मी जन्मात उच्चारले नव्हते. खोटं बोलायची मला लाज वाटली नाही. विसरले असं म्हणायची वाटली.

म्हणून मी म्हटलं, "नाही. असं काहीच ठरलं नव्हतं. ठरलं असतं तर मी लिहून घेतलं असतं."

माणसांनी माना डोलावल्या. कारण ते खरं वाटत होतं. मी लिहून घेतलंच असतं. तात्या तेवढा चिडून ओरडला, "मग उचला बेल-भंडारा, वैनी! आत्ताच्या आत्ता, देवळात चला!"

मी काय केलं असतं? शपथ घेऊन उचलला असता. पायरीवर पाऊल ठेवायच्या आधीच मी मनातल्या मनात उचलला होता.

पण मालन तात्याच्या अंगावर धावून गेली. "ए तात्या, गप की! अक्काला भंडारा उचलाय लावतोस? कुणाला बोलतोयस, कळतंय का?" मग ती माझ्याकडे वळली. तोंडावर राग नव्हता. काहीतरी हिशेब चुकल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. "तू न्हाय म्हणतीस, म्हंजे न्हायच आसंल गं. तुझ्या ध्यानातनं मिठाची पुडी सुटत न्हाय, आप्पांचं बोलणं सुटंल व्हय? माझंच चुकलं. ते दुसरंच कायतरी म्हणालं आसतील, आन मी वाट ऐकली. दोन हंगाम तू जाऊ दिलंस, ते मी हक्काचं समजली." आणि साहेबांना म्हणाली, "अर्ज मागं घेती मी."

साहेबांनी तिला पुन्हा विचारलं. ठरलेली नसली तरी गरजेपुरती नवी वाट मागता येते, असंही समजावलं. ती म्हणाली, "नगं सायेब. नसलेल्या वाटंपायी घरच्या माणसाला हितं उभं केलं, तेवढं पुरं झालं."

मी भांडायची सगळी तयारी करून गेले होते. काय बोलायचं, कुणी काय म्हटलं तर काय उत्तर द्यायचं, सगळं ठरलेलं होतं. ती शिव्या देईल, छाती बडवेल, मला खोटारडी म्हणेल, हे सगळं धरलं होतं. तिनं ते केलं असतं तर मी जिंकले असते, आणि ती हरली असती, आणि दोघी आपापल्या घरी गेलो असतो. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या कानांना खोटं पाडून ठेवला. हे तेवढं मी धरलं नव्हतं. मी गाडीत बसले. माणसं गाडीला वाट करून देत होती आणि आदरानं बघत होती. असला तो आदर. कुत्र्यापुढे टाका, हुंगून पुढे जाईल.

त्या वर्षीचा तिचा ऊस निम्माशिम्मा वाळला. उरलेला मोळ्या डोक्यावर घेऊन, ओढा ओलांडून तिनं आणि पोरीनं बाहेर काढला. पुढच्या वर्षी तिनं तो तुकडा मला करायला दिला, आणि त्याच्या पुढे विकत दिला. दुसऱ्या कुणाला विकणार होती? वाट नसलेली जमीन शेजाऱ्याशिवाय कोण घेतो? भाव मी रास्त दिला. हो, तेही केलं, अगदी चोख. चोरानं पावती द्यावी तसं. खरेदीखताच्या दिवशी अंगठ्याला शाई लावून ती तिथल्या बायकांना सांगत होती, "अक्काच्या हातात गेली जमीन, आता मला घोर न्हाय."

आता सगळा चौकोन आमचा आहे. रस्त्यापासून ओढ्यापर्यंत. नळ्या सरळ रेषेत आहेत. मी वर्षातून एखादी फेरी मारते आणि बांधावर उभी राहून बघते. तुम्हाला वाटेल, बघवत नसेल. तसं म्हणायला बरं दिसलं असतं. पण मला ते सुंदर दिसतं. त्या दिवशी आराखड्यात दिसलं असतं तेवढंच सुंदर आजही दिसतं.

मालन आता कोल्हापुरात तिच्या लेकीकडे असते, आमच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. तो प्रसंग ती लग्नाकार्यात विनोद म्हणून सांगते. हो, ती स्वतः! "बाई गं, मी असली येडी, सायबाला गाडी घालून बोलावला आन नसलेली वाट दावली!" बायका हसतात. मीही हसते. मी तिथे असले की ती जास्तच रंगवून सांगते, मला हसू यावं म्हणून.

पण घरात ती हसत नाही. दूध उतू गेलं की म्हणते, माझ्या डोक्याचं काय खरं न्हाय. कुलूप लावून पुन्हा माघारी येते. नातीचं नाव घेताना थांबते आणि आसपास बघते, बरोबर हाय न्हवं? भाजीवाल्यानं जास्त पैसे घेतले असं तिला स्पष्ट दिसतं, तरी गप्प बसते. म्हणते, मीच चुकीचं मोजलं आसंल. सगळ्यांनी धरलं, वय झालं. लेकीला भीती वाटली, आईला विसरण्याचा आजार तर नाही? तिला सुटी मिळेना, म्हणून मालनला दाखवायला मी नेलं. अशी कामं मीच करते. रिपोर्ट तारखेवार लावून नेले होते.

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, चित्रं दाखवली, शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. मालननं सगळं बरोबर सांगितलं. पण प्रत्येक उत्तराआधी ती माझ्याकडे बघायची. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, त्यांच्याकडे नका बघू. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"न्हाय बाई, अक्काला इचारलेलं बरं."

"बरं, हे विसरणं कधीपासून सुरू झालं असं वाटतं?"

मालन म्हणाली, "वाटंच्या येळपास्नं." आणि तिनं सगळं सांगितलं. पूर्वेचा बांध. आप्पांनी उचललेली काठी. थोरल्या तुकड्यातनं, ट्रॅक्टर जाईल एवढी. मी म्हटलं, लिहूया. आप्पा रागावले, घर मोडल्यागत हाय म्हणाले. एकेक शब्द. माझ्याही आठवणीत नव्हतं ते तिच्या आठवणीत होतं. आप्पांनी त्या दिवशी कुठलं धोतर नेसलं होतं, तेही. आणि मग म्हणाली, "आन ह्यातलं कायबी घडलंच नव्हतं, डॉक्टरबाई. समदं माझ्या डोक्यातलं."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच घडलं नव्हतं का हे?"

आप्पा नाहीत. जमीन केव्हाच नावावर झालेली. ओढ्यापर्यंत कुणी दावा सांगणारा उरलेला नाही. खरं बोलले असते तर माझ्या हातून एक गुंठा जाणार नव्हता. गेलं असतं ते एवढंच — मालननं माझ्याकडे यापुढे तसं बघितलं नसतं.

मी म्हटलं, "नाही."

तपासणीत तसं काही आढळलं नाही, डॉक्टर म्हणाल्या, पण एक गोळी देऊन बघू. मी विचारलं, जेवणाआधी की नंतर.

नंतर, त्या म्हणाल्या. मालन रोज घेते.